नव्या घराच्या नळातला करंट

घर बांधून झालं तेव्हा मी इतकी थकले होते की वास्तुशांतीच्या फोटोत माझे डोळे मिटलेलेच आहेत. गवंडी, फरशीवाला, रंगारी, एकेकाची वाट बघण्यात जीव मेटाकुटीला आला होता. परभणीत स्वतःचं छप्पर झालं, बोरीहून सासूबाई राहायला आल्या, आता कुणी मिस्त्री दाराशी नको, एवढंच माझं मागणं. पण कसलं काय!

एका शनिवारी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पोखर्णीला दर्शनाला गेल्या. एरवी आमच्या लहान पोरीला आंघोळ त्याच घालायच्या, बादलीही दुसऱ्या कुणाला भरू द्यायच्या नाहीत. मला तो त्यांचा हट्ट वाटायचा. त्या दिवशी मी गिझर लावला, ओल्या हातानं नळ धरला आणि असा झटका बसला की तांब्या एकीकडे, मी एकीकडे. पोरगी मागंच उभी होती, पाण्यात हात घालायला पुढं सरकत होती. तिला ओढून बाहेर काढलं, मेन स्विच बंद केला आणि पलंगावर बसून राहिले. माझ्या जागी ती असती तर? मग घराचं वायरिंग केलेल्या माणसाला फोन लावला.

वायरिंगवाला दुपारी उगवला, नेहमीसारखा जांभया देत.

"गिझर करंट लीक करायलाय, ताई," तो म्हणाला. "पण अर्थिंग असल्यावर करंट जमिनीत जायला पायजे की."

मीटरखालून जमिनीत गेलेली वायर त्यानं ओढली, तर ती सरळ हातातच आली. कुणीतरी तोडलेली. खाली माती दाबून वर बेलाचं रोप लावलेलं.

"इथं मी सोता खड्डा केलता. तांब्याची प्लेट, मीठ, कोळसा, समदं टाकलं होतं. कोन काढलं?"

मला नुसतं ऐकूनच शीण आला. परत खणायचं, परत माती, परत हा माणूस. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मला काय माहीत?" ह्यांना कधी काय माहीत असतं!

आत्याबाई प्रसाद घेऊन परतल्या तेव्हा खणायला सुरुवात झाली होती. त्या फाटकातच थबकल्या.

"तिथं नका खणू. तिथं करणी पुरली होती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वास्तुशांतीच्या आधी त्यांना कोपऱ्यात ताजी माती दिसली. गडी लावून उकरून घेतली, तर खाली तांब्याचा पत्रा, मीठ, कोळसा आणि वर गुंडाळलेली तार. नव्या घरावर कुणीतरी डाव साधला, असंच त्यांना वाटलं. सगळं गोळा करून वाहत्या पाण्यात सोडून आल्या. आम्ही घाबरू म्हणून कुणापाशी बोलल्या नाहीत.

वायरिंगवाल्यानं कपाळावर हात मारला. "आजी, ती करणी न्हाई, अर्थिंग हाय! त्याच्याबिगर मानूस मरतंय."

माझा तोल गेला. "अहो, विचारायचं तरी एकदा! सकाळी पोरगी गेली असती आपली. नळाला करंट येतोय!"

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "रोजच येतंय."

"रोज?"

"हाताला मुंग्या येत्यात. कवा कवा लय जोरात. मला वाटलं, थोडी करणी घरातच ऱ्हायली, नळात बसली. म्हनून तर पोरीला नळापाशी जाऊ देत नव्हते. तुलाबी. काय व्हायचं ते माझ्यावर व्हऊ दे म्हनलं. माझं काय, झालं की समदं बघून."

"मेला असतात तुम्ही, आत्याबाई!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण गच्चीवर आली. राग कुणाचा आला होता कोण जाणे, पण ओरडता ओरडता रडूच फुटलं. तिथंच मातीच्या ढिगावर बसले आणि त्यांचा हात धरायला गेले.

त्यांनी तो झटकन पदराखाली घेतला.

"धरू नको," म्हणाल्या. "उगं तुला लागायचं."