तिनं कधी न घेतलेलं नाव

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर अंबाडीची भाजी निवडली. ओट्यावर बसून. मी देठासकट पानं टाकत होतो.

"अहो, ढोराले टाकाची हाय का भाजी?" ती म्हणाली.

मग मी वावरात गेलो. मागून मोबाईलवर तिचा आवाज आला, "अहो, येताना लसूण आणजा. इसरसान नाहीतं."

लसूण घेऊन घरी पोचलो, तोवर ती गेली होती. छातीत कळ आली म्हणे.

तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती बोलून निरोप पाठवायची. ते सगळे मोबाईलमध्ये आहेत. बहुतेकांत मला रागावलेली आहे. रोज चहाबरोबर एक ऐकतो.

परवा दुपारी फोन आला. "काका, तुमचं मेसेजचं खातं आज बंद होणार. आत्ता सहा आकडे आलेत ते वाचा, म्हणजे चालू राहील."

"बंद कसं? त्यात माह्या बायकोचा आवाज हाय!"

चष्मा शोधून तीन आकडे वाचलेही. चौथा तीन की आठ ते दिसेना. काच धोतराला पुसत विचारलं, "पण तुम्ही खरे कशावरून?"

"काकूंनीच तर आमच्याकडे नोंद केली. स्वतःच्या तोंडानं तुमचं नाव सांगितलंय. रेकॉर्डिंग आहे."

मला हसूच फुटलं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मतदार यादीवाला आला तर ही शेजारणीला कोपर मारायची, "सांग ना वं." लग्नात उखाण्यात घेतलं, तेही इतकं हळू की मलाच ऐकू आलं नाही.

"ऐकव बे ते रेकॉर्डिंग! मलेही एकदा ऐकाचं हाय."

त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "मामाजी, ते आकडे म्हंजे खात्याची किल्ली! सहाही दिले असते तं खातं त्याच्या मोबाईलवर गेलं असतं. कोणालेच सांगाचे नाही."

तिनं सासूचे सगळे आवाज वेगळे उतरवून ठेवले. खात्याला आणखी एक गुप्त आकडा लावायचा म्हणाली. मी तिच्याकडे पाठ करून, एकेक बटण दाबत तो टाकला.

"कोणता टाकला, मामाजी?"

"तुले काऊन सांगू? कोणालेच नाही म्हणली ना?"

ती हसत चुलीकडे गेली. मी लसणाचा निरोप लावला. इसरसान, म्हणाली. पिशवी घेतली अन् डोणगावच्या बाजारात लसूण आणायला गेलो.