मावशीने निवडलेला व्हॉल्व्ह

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी रोह्याच्या कंपनीत होतो आणि सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. लाउडस्पीकरवाल्याकडून घेतलेला जुना, रेडिओत असतात तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर नुसता खरखरायचा. शेवटी एका रविवारी गिटार खांद्याला अडकवून आणि तो मांडीवर घेऊन एसटीने पेणला मावशीकडे गेलो. काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पण आवाजाची पारख मावशीची.

तिने दुकानातलं जुन्या व्हॉल्व्हचं खोकं काढलं. ती एकेक बसवायची, पेन्सिलीने काचेवर टिचकी मारायची आणि मला वाजवायला सांगायची.

"हा नको, घंटा वाजतेय आत. हा पण नाय, याला सर्दी झालीय!"

हसून हसून माझी बोटं तारांवरून घसरत होती.

चौथा बसवला आणि आवाज असा भरून आला की अंगावर काटाच आला. मी बासचं, म्हणजे खर्जाचं बटण थोडं उतरवलं, व्हॉल्यूम चढवला. आवाज थोडा फाटू लागला. घाबरून मी बटणाकडे हात नेला, तर मावशीने तो धरला.

"राहू दे रे! फाटतोय तिथंच गोड लागतोय."

तेवढ्यात शेजारीण धावत आली. "मिक्सर जळला काय गो तुझा?"

मावशी हसता हसता खालीच बसली. मी मात्र वाजवतच राहिलो.