मशीनला सुतक

“जित्यांनाच जागा पुरत नाही, मेलेल्यांना कुठून देऊ?” असं म्हणत नाना डिलीटचं बटण दाबायचे. दाबायचे कसले, ढेकूण मारावा तसं वरून बोट आपटायचे.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर आणि माणूस गेला की गंधमुक्तीचं, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीचं, कार्ड, सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर. त्याची डिस्क चार जीबीची. आज तुमच्या मोबाईलमधलं एका हळदीचं शूटिंगसुद्धा तिच्यात मावणार नाही. पण नानांचं मराठी टायपिंग, गणपती, कलश, वेलबुट्टी त्याच मशीनवर बसलेली, आणि नव्या मशीनवर त्यातलं काही चालेना. दुरुस्तीला मी जायचो. दर खेपेला सांगायचो, “नाना, दुसरी डिस्क टाकू.”

“घराला माळा केला की माणूस अडगळ जमवतो,” नाना म्हणायचे, की विषय संपला.

डिस्क भरली की सफाई निघायची. नाना चहा मागवून बसायचे आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायचे. “हा गेला. हाही गेला. हा अजून आहे? कमाल आहे!” समोर त्या घरचं गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी वाचन चालूच.

एकदा एक गुरुजी पंचाहत्तरीची पत्रिका करायला आले. नानांनी फोटो लावला, मजकूर बसवला आणि म्हणाले, “गुरुजी, ही फाईल ठेवून देतो. वर फक्त कैलासवासी जोडायचं राहील.” गुरुजी हसले. हसले कसले, दात दाखवले बिचाऱ्यांनी. वर्षाच्या आत गेले, आणि नानांनी खरोखर तीच फाईल उघडली. कार्ड इतक्या लवकर मिळालं म्हणून गुरुजींच्या मुलानं नानांचे आभार मानले.

असल्या माणसाकडे लोक जायचेच कशाला, असं तुम्हाला वाटेल. तिखट लागते म्हणून खानदेशात कोणी मिरची सोडलेली मी पाहिली नाही. शिवाय नानांच्या कार्डात चूक सापडत नसे.

दुकानासमोर एक अक्का कपड्यांना इस्त्री करायची. तिचा एकुलता मुलगा फार वर्षांपूर्वी पारोळ्याजवळ ट्रकखाली गेला होता. त्याचा फोटो तेव्हा नानांनीच करून दिला होता. एक दिवस मी दुकानात असताना अक्का आली.

“नाना, मना पोऱ्याना फोटू तुना डब्बामा शे ना? फ्रेमले वाळवी लागनी. बठ्ठा खाई टाका.”

“नही. मागला आठवडामा काढी टाका,” नाना स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले. गेल्याच सफाईत त्यांनी तो पुसला होता.

अक्का म्हणाली, “कोनले इचारीसन काढा?”

नानांनी तेव्हा स्क्रीनवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

मी मध्ये पडलो. म्हटलं, डिलीट केलं म्हणजे लगेच पुसलं जात नाही. मशीन फक्त नाव खोडतं आणि ती जागा मोकळी समजतं. तिथं दुसरं काही येऊन बसलं नसेल, तर फोटो अजून आत असेल. पण काढून ठेवायला दुसरी डिस्क हवी, आणि तोवर मशीनला हात लावायचा नाही. डिस्क माझ्या दुकानात नेतो म्हटलं, तर नाना ती हलवू देईनात.

जुन्या, रुंद पट्टीसारख्या वायरनं जोडायची डिस्क आता कुठं मिळते? शेवटी जळगावला एका भंगारवाल्याच्या ढिगात सापडली. तोवर ऐन लगीनसराईत नानांचं दुकान बंद. वरबाप येत, नाना हाकलून देत. “मशीनला सुतक आहे, दुसरीकडे जा!” आणि समोर इस्त्री करणाऱ्या अक्काला ओरडून सांगत, “तुना पोऱ्यानी धंदा बसाडी दिधा मना!” अक्का मान वर करत नसे. पण मशीन एकदाही चालू झालं नाही, याला मी साक्षी आहे.

मी डिस्क जोडली. चाळीस जीबीची, पण एवढी मोठी त्या म्हाताऱ्या मशीनला दिसेना. डिस्कवरची बारीक पिन बदलून ती लहान आहे असं त्याला भासवलं, तेव्हा कुठं त्यानं घेतली. मग एकेक चेहरा वर येऊ लागला. नावं गेली होती, नुसते आकडे. सगळे पुरुष एकाच कोट-टायमध्ये, कारण मेलेल्या माणसाचं डोकं नाना त्याच एका कोटावर बसवायचे.

अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू. स्क्रीनला नाक लावून ती बघत होती. एका कुरळ्या केसांच्या पोरावर तिनं बोट ठेवलं. “हाऊ! हाऊच मना पोऱ्या!”

तिचा चेहरा असा उजळला की मी लगेच प्रिंटर चालू केला.

“नही अक्का,” नाना म्हणाले. “हाऊ साक्रीना शे. विहिरमा पडना व्हता. तुना पोऱ्या यामा नही.”

अक्काच्या पोराच्या जागेवर बहुतेक कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर जाऊन बसला होता. अक्का निघून गेली. मला असा संताप आला! म्हटलं, “नाना, एकदा गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?”

“तो त्या साक्रीवाल्या बाईचा आहे,” नाना म्हणाले. “हिच्या भिंतीवर कसा टांगू?”

मी म्हटलं, निदान या सगळ्यांना नावं तरी देऊन ठेवा. “कशाला? मला बठ्ठे माहीत आहेत,” म्हणाले, आणि खरंच एकेकाचं गाव, बाप, कशानं गेला ते सांगत सुटले. त्यानंतर त्यांनी सफाई काढली नाही. अक्का मात्र त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. मशीन भंगारात जाणार होतं, ते मी घरी आणलं.

नानांची गंधमुक्ती झाल्यावर अक्का माझ्याकडे आली. “आते नही म्हननारा कोनी नही. मना पोऱ्याना फोटू काढी दे, भाऊ.”

मी मशीन लावलं. चेहरे सरकत गेले. साक्रीचा पोरगा आला, तिनं बघितला आणि पुढे जा म्हणून हात केला. मग बऱ्याच वेळानं एका चपट्या नाकाच्या, मिशीवाल्या माणसावर तिचं बोट थांबलं.

“हाऊच,” ती म्हणाली.

तो कोण, कुठला, मला माहीत नाही. मी प्रिंट काढून दिली.