चार मिटते चाकू

पोंभुर्ण्याच्या भांड्यांच्या दुकानात मी एका पुढाऱ्याच्या सत्काराच्या ताटावर त्याच्या पदव्या कोरून घेत होतो. शेजारच्या अनोळखी माणसाने पिशवीतून चार नवे, मिटते चाकू काढले. प्रत्येकावर घरच्या एकेकाचं जन्मसाल हवं होतं.

"नावं टाकू ना, भाऊ?" माझं ताट बाजूला सारून कोरणाऱ्याने विचारलं.

"नको. पोराचं नाव दिसलं का घरची रडते. मोहफुलं वेचताना वाघानं नेलं त्याले. हाती काहीच नव्हतं."

"काऊन भाऊ, चाकूनं वाघ मरते काय?"

"नाई मरत. पण हात रिकामा नसावा."

कोरलेलं प्रत्येक पातं तो अंगठ्यावर तपासत होता. चौथ्यावर मुलाचं साल उमटलं. तो चाकू त्याने न तपासताच मिटला. माझं ताट अजून अर्धंच झालं होतं.