उकंडरावाचं वंगण

बीबी या बाजारगावापासून दोन कोसांवर, बरडाच्या माथ्यावर एक गाव आहे आणि त्या गावात उकंडराव राहतो. गावात चांगली माणसंही आहेत, पण आज सांगायचं आहे ते उकंडरावाबद्दल.

चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याच्या हातून यंत्राचं एकच काम झालं. पंचविशीत असताना शेजारच्या मळ्यातलं डिझेल इंजिन बंद पडलं होतं. चार गडी हँडल फिरवून घामाघूम झाले होते. उकंडरावाने चिडून इंजिनाला एक लाथ हाणली आणि त्याच क्षणी ते धडधडायला लागलं. हँडल फिरवणारे चौघे बाजूलाच उभे होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. उकंडराव त्या दिवशी घरी आला तो यंत्रांचा जाणकार होऊनच. कुणी त्याला जाणकार म्हटलं नव्हतं. म्हणण्याची वाट पाहणाऱ्यांतला तो नव्हता.

मग त्याने पत्र्याची एक पेटी घेतली. पेटीत सहा पाने, एक पक्कड, मूठ नसलेला पेचकस आणि बैलगाडीच्या वेळचा वंगणाचा डबा. बैल गेले, गाडी गेली, डबा राहिला. मुलाची, भागवतची मोटरसायकल तो वर्षातून दोनदा अंगणात उघडायचा. परत जोडताना दरवेळी एखाददुसरा नट उरायचा. उरलेले नट तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचा आणि बरणी आल्यागेल्याला दाखवायचा.

"कंपनीवाले उगी जास्तीचे टाकतेत. वजन वाढलं का गाडी पेट्रोल पेते. माह्या हातची गाडी हलकी चालते का नाही, पाहा."

गाडी हलकी चालायची हे खरं होतं. एकदा तर तिचा सायलेन्सर रस्त्यातच मागे राहिला, तेव्हा ती फारच हलकी झाली होती.

सात वर्षांपूर्वी सुचिता सून म्हणून या घरात आली. तिच्या वडिलांचं चिखलीत सायकलीचं दुकान होतं. पोरगी त्या दुकानात पंक्चरच्या पाण्यात हात बुडवत मोठी झाली होती. आल्यानंतर आठव्या दिवशीच तिने ती नटांची बरणी पाहिली आणि सासऱ्याची लायकी तिला कळली. बोलली मात्र नाही. नवी सून बोलत नाही म्हणून नव्हे. ज्याच्याशी वाद घालायचा त्याला निदान वादापुरतं तरी कळायला हवं, असं तिचं मत होतं.

सुचिता आता तीन गावांची डाक वाटते. त्यासाठी तिने स्वतःच्या कमाईतून जुनी स्कूटर घेतली. गावातून बाहेर पडलं की बरडाचा उतार लागतो. चांगला लांब उतार, मध्ये एक वळण आणि तळाशी बिनकठड्याचा रपटा, म्हणजे नाल्यावरची फरशी. रोज सकाळी डाकेची थैली पायाशी ठेवून तिला तो उतार उतरावा लागतो. ब्रेक दाबला की गाडी थांबली पाहिजे, एवढीच तिची त्या स्कूटरकडून अपेक्षा. त्यावर तिची नोकरी होती आणि जीवही होता.

फाल्गुनात स्कूटरचा पुढचा ब्रेक कुरकुरायला लागला. जेवताना ती भागवतला म्हणाली, "बाजाराच्या दिवशी बीबीले मिस्त्रीकडे टाकते. ब्रेकचे शू घासले असतीन."

उकंडरावाचा घास हातातच राहिला.

"मिस्त्री? अन् मी काय मेलो का?"

"तसं नाही मामाजी."

"तो मिस्त्री काल जलमला. म्या लाथ हानून इंजिन चालू केलं तवा त्याचा बाप शेंबडा होता. कुरकुरते म्हंजे कोरडं पडलं. बैलगाडीचं चाक कुरकुरलं का आपुन काय करतो?"

भागवत ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा म्हनतेत तं पाहू दे ना त्याह्यले."

भागवतचं हे असंच. बाप बोलला की तो ताटात बघायचा आणि सुचिता बोलली की आढ्याकडे. माणसाच्या तोंडाकडे बघायचं धाडस त्याच्या मानेला कधी झालंच नाही. सुचिता उठून भांडी घासायला गेली. मामाजींनी फार तर नट आवळला तर आवळला, असं तिला वाटलं. तिने सासऱ्याला मूर्ख धरलं होतं, पण किती मूर्ख याचा अंदाज तिलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती डाकेचं काम आटोपून मैत्रिणीबरोबर जीपने मेहकरला गेली. तेवढ्यात उकंडरावाने अंगणात पुढचं चाक काढलं. आत हात घालून बोटभर वंगण लावलं आणि चाक परत बसवलं. या वेळी एकही नट उरला नाही. त्या आनंदात त्याने बायकोकडून, विमलबाईकडून, दोनदा चहा करून घेतला.

सकाळी सुचिता निघाली. गल्लीत ब्रेक लागतोच कुठे? पुढे म्हशी असतात, त्यांच्या चालीनेच जावं लागतं. वेशीपाशी कुरकुर ऐकू आली नाही, तेव्हा तिला क्षणभर बरंही वाटलं. मग उतार लागला. वळणाच्या अलीकडे तिने ब्रेक दाबला. मूठ दबली, गाडी मात्र निघालीच. मागचा ब्रेक कधीचाच नावापुरता होता. उकंडराव दर महिन्याला त्याचा नट अर्धा पीळ फिरवायचा आणि "नवा केला" म्हणायचा. तिने दोन्ही पाय घासले, ओरडली, आणि रपटा समोर दिसायला लागला तेव्हा हँडल डावीकडे फिरवलं. तिथे कुणी कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातला होता. स्कूटर त्या ढिगात शिरली.

हाड मोडलं नाही. कोपर सोलवटलं, गालावर काड्यांचे ओरखडे उठले. पडल्या पडल्याच तिच्या नाकात एक वास आला. वंगणाचा. चाकाच्या आतून पिवळसर ओघळ बाहेर आला होता. ब्रेकला वंगण! वडिलांच्या दुकानात रिमला चुकून तेलाचा हात लागला तरी टपली बसायची.

डाकेची थैली तिने येणाऱ्या जीपमध्ये ओळखीच्या माणसाकडे दिली आणि स्कूटर ढकलत चढ चढली. अंगणात उकंडराव बाजेवर बसला होता, भागवत दाराशी उभा होता. शेजारची जनकाबाई विमलबाईकडे विरजण मागायला आली होती. दोघी धावल्या.

"अवं माय! पडली का वं?"

सुचिताने केसांतली काडी काढून फेकली. तिने स्कूटर वळवून तोंड उताराकडे केलं आणि वर बसली.

"मामाजी, चला. बसा मांगं."

"कुठी?"

"रपट्यापर्यंत. तुमच्याच हातचं काम हाये. पाहून घ्या कसं झालं ते."

उकंडराव जागचा हलला नाही. "माहा गुडघा दुखून राह्यला."

"बसून तं जायचं हाये. गुडघ्याले काय काम?"

"आज आमुशा हाये. आमुशेले मी गाडीवर बसत नाही."

विमलबाई विरजणाची वाटी हातात घेऊन उभी होती. चाळीस वर्षं या माणसाचा चहा करून तिच्या आवाजात काही उरलं नव्हतं. ती सरळ म्हणाली, "आमुशा कुठची? चार दिवसाखाली होळीची पुनव झाली. पुरनाच्या पोया खाल्ल्या ना तुमी."

जनकाबाई पदर तोंडाला लावून हसली. उकंडराव बाजेची सुतळी ओढत बसला. त्याच्या तोंडून जे कधी निघणार नव्हतं ते त्याच्या बुडाने सांगून टाकलं. ते बाजेवरून उठत नव्हतं.

सुचिता भागवतकडे वळली. "तुमी बसता?"

भागवतने आधी जमिनीकडे पाहिलं. मग आढ्याकडे पाहायला मान वर केली, पण अंगणाला आढं नव्हतं. वर नुसतं ऊन होतं. शेवटी त्याची नजर तिच्या सोलवटलेल्या कोपरावर आली.

"पाना कितीचा लागते?" त्याने विचारलं.

ती खाली उतरली. पेटी उघडून तिनेच पाने काढले. भागवतने गाडी धरली, तिने चाकाचा आस ओढला आणि चाक बाहेर आलं. पुरणपोळीवर तूप सोडावं तसं, चाकाला आतून घासून थांबवणाऱ्या दोन्ही शूंवर वंगण पसरलं होतं.

"पन आवाज तं बंद झाला ना?" बाजेवरून प्रश्न आला.

"हो," सुचिता म्हणाली. "माहाही होनार होता."

वंगण प्यालेले शू परत कामाचे नसतात. तिने ते कागदात गुंडाळले, जीपने बीबीला गेली आणि नवे घेऊन आली. चाकातला ब्रेकचा ड्रम पेट्रोलने धुतला, पॉलिश पेपरने घासला, पुसून कोरडा केला. भागवत चिंध्या पुरवत होता. तेवढ्यात जनकाबाई सांगत आली की उकंडराव पारावर बसून म्हणतो आहे, सुनेले गाडी चालवता येत नाही, म्हनून पडली.

भागवतचे कान लाल झाले. "ऐकलं का?"

"ऐकलं."

"राग नाही आला तुले?"

सुचिता शू बसवत होती. राग यायला समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते, आणि तिच्याकडे त्याच्यासाठी तेवढीही शिल्लक नव्हती. "ते चाक सरळ धरा," ती म्हणाली.

ऊन कलल्यावर तिने स्कूटर बाहेर काढली. भागवत न सांगता मागे बसला. बरडाच्या डोक्यावरून ती सावकाश निघाली आणि उताराच्या पहिल्याच टप्प्यात तिने ब्रेक दाबला. गाडी जिथल्या तिथे उभी राहिली. भागवतची हनुवटी तिच्या खांद्यावर आदळली.

"लागलं?"

"थोडं."

"मंग धरून बसा. आणखी दोनदा पाहायचं हाये. अन् मांगचा ब्रेक उद्या मिस्त्रीकडे."

"हाव," भागवत म्हणाला, आणि त्याने धरलं.