गॅलरीत बसणाऱ्यांनी बोलायचं नसतं

आमच्या वॉर्डातल्या पालिकेच्या दवाखान्यात तळमजल्यावर डायलिसिस सेंटर आहे. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एक दिवसाआड तिथे न्यायचं. घरापासून रिक्षाने अगदी जवळ. मशीनवरून उठले की ह्यांचं प्रेशर खाली जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि कधी एकदा घरच्या पलंगावर पडतो असं त्यांना होतं. ते सेंटर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन उड्डाणपुलांच्या पलीकडे हलवणार असं कळलं तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "तिकडे हलवलं तर मी बंद करणार. रिक्षात आडवा होऊन ट्रॅफिकमध्ये मरण्यापेक्षा घरी मरेन." बाकी कुणी असं बोललं असतं तर मी झापलं असतं. पण हे बोलतात ते करतात. मला भीती वाटायला लागली ती तेव्हापासून.

मधली काही वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. गाऱ्हाणं सांगायचं कुणाला, हाच प्रश्न. आता निवडणूक झाली, महासभा पुन्हा भरायला लागली, तेव्हा मला वाटलं, चला, निदान ओरडून विचारायला कुणीतरी माणूस आहे. माजिवड्याला राहणाऱ्या लेकीने फोनवर सांगितलं, "अगं आई, सभेची विषयपत्रिका वेबसाइटवर टाकतात, बघून घे." बघितली. अगदी शेवटी आमचा विषय होता. दवाखान्याची इमारत धोकादायक, सबब केंद्राचे स्थलांतर करणेबाबत. धोकादायक! गेल्याच वर्षी तिला रंग दिला होता.

मी तडक नगरसेवकाच्या ऑफिसात गेले. इथल्याच जुन्या घरातला माणूस, बोलायला गोड. "काकी, टेन्शन नका घेऊ," म्हणाला. "तुम्ही पेशंटना घेऊन गॅलरीत या. वर माणसं दिसली का आम्हाला बोलायला जोर येतो. विषय आला ना, सभागृह डोक्यावर घेतो बघा." मला तो देवासारखा वाटला. खोटं कशाला सांगू, मी त्याच्या पायाच पडायची बाकी होते.

महासभा बघायला कुणालाही जाता येतं, फक्त पास लागतो. नगरसेवकाचं पत्र आणि आधार कार्ड दाखवलं की सचिव कार्यालयातून मिळतो. आम्ही काही पेशंट आणि त्यांची माणसं, सगळे पास घेऊन गेलो. ह्यांचा डायलिसिसचा दिवस नव्हता, तरी पाय सुजलेलेच होते. गॅलरी वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. हे कठडा धरून चढले, मध्ये वळणावर पायरीवरच बसले. आजारी नवऱ्याला मी लोकांना दाखवायला नेत होते. दुसरा उपाय सुचत नव्हता.

दारातल्या सुरक्षारक्षकाने बजावलं, "मोबाइल सायलेंट. घोषणा नाय, फलक नाय, टाळ्या नाय. गॅलरीतून बोलायचं नाय."

"मग यायचं कशाला?" मी विचारलं.

"बघायला," तो म्हणाला.

बघत बसलो. आधी अभिनंदनाचे ठराव झाले. कोण कुठल्या समितीवर गेला म्हणून त्याचं अभिनंदन, मग त्याने मानलेले आभार. मग फेरीवाल्यांवरून वाद. ह्यांना पाणी बेतानेच प्यायचं असतं, ते नुसते ओठ ओले करत होते आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, "आपलं आलं का गं?" मी म्हणत होते, येईल, येईल.

एकदाचा सचिवांनी विषय पुकारला आणि आमचा माणूस उभा राहिला. शब्दाला जागला म्हणायचं. "पेशंट वर बसलेत, जरा मान वर करून बघा!" असं तो ओरडला, आणि सगळ्या सभागृहाने खरंच वर बघितलं. मी ह्यांचा हात धरून ठेवला होता. मग तो महापौरांच्या आसनाकडे धावला. त्याच्यामागे आणखी काहीजण धावले. एकाने महापौरांसमोरचा राजदंड उचलला. कागद उडाले, माइक खेचले गेले. आता कसला मंजूर होतोय विषय, असं म्हणत आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सुरक्षारक्षक "ओ, ओ" करत राहिला. सगळ्यात जोरात मी वाजवत होते. खाली महापौर माइकवर काहीतरी वाचत होत्या, ते आम्हाला ऐकूच आलं नाही.

आणि एकदम राष्ट्रगीत सुरू झालं.

सगळे जिथे होते तिथे ताठ झाले. राजदंड पळवणाराही तो हातात धरून सावधान. हे कठड्याला धरून उठले. पाय लटपटत होते, पण मान सरळ. मी कोपराला आधार दिला. काय झालं, काय झालं, हे विचारायला जीव नुसता तडफडत होता आणि तोंड उघडता येत नव्हतं.

ते संपल्यावर नगरसेवक वर आला. घामाघूम आणि खूश. "काकी, बघितलंत ना?"

"थांबला ना विषय?"

"थांबतोय कसला! गोंधळ झाला का उरलेले सगळे विषय एका दमात मंजूर करतात आन् राष्ट्रगीत लावून सभा संपवतात. नेहमीचंच हाय ते. पण आपला विरोध तर दिसला ना. उद्या पेपरात येईल बघा."

नेहमीचंच! म्हणजे त्याला माहीत होतं. जागेवर उभं राहून मतदान मागितलं असतं तर कदाचित हरलो असतो, पण निदान कुणी कुणी हात वर केले ते दिसलं असतं. ह्याने आरडाओरडा केला आणि सत्ताधाऱ्यांचं काम सोपं करून दिलं. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. पण उद्या परत ह्याच्याच दारात जायचंय, म्हणून मी गप्प बसले. तो फोनवर बोलत निघून गेला.

"चला, खाली करा गॅलरी," सुरक्षारक्षक म्हणाला. बाकीचे उठले. हे बसून होते.

"अहो, उठा ना."

"बस गं जरा," हे म्हणाले. "आता कुठे जायची घाई आहे?"

मी त्यांच्यापुढे खाली बसले, सुजलेल्या पायांपाशी. म्हणाले, मी नेईन तुम्हाला, पहाटे निघू, ट्रॅफिकच्या आधी पोचू, लेक गाडी करून देईल, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपा, पण बंद करू नका. ऐकताय ना?