विल्बर्टच्या नावाचं ताट

आमच्या लिटल जॉर्डन चर्चमध्ये एखाद्या बाईच्या अंगात पवित्र आत्मा संचारला, की सगळ्यात आधी तिचा चष्मा काढायचा. मग कानातले. मग गुडघ्यांवर पांढरं कापड टाकायचं. बाई जमिनीवर पडली तर तिने झग्याचं भान ठेवायचं नसतं, ते आपण ठेवायचं. बाकीच्यांनी हात धरून तिच्याभोवती गोल करायचा आणि एकीने पुठ्ठ्याचा पंखा हलवत राहायचं. हाका मात्र मारायच्या नाहीत. आत्मा आपल्या वेळेने येतो, आपल्या वेळेने जातो.

हे नियम सिस्टर ओझेला पिंक्स्टनचे. चर्चच्या नर्सांची ती प्रमुख. नर्स म्हणजे इस्पितळातली नव्हे. आठवडाभर ओझेला इथल्याच, मेकन शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढायची. रविवारी मात्र कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, पांढरे बूट, पांढरी टोपी, आणि खिशात रुमाल नि पेपरमिंटच्या गोळ्या. बाई रडायच्या बेताला आली हे तिला मागच्या बाकावरून, नुसत्या खांद्यांवरून कळायचं. रडणारीच्या हातात रुमाल आधी यायचा, डोळ्यात पाणी नंतर.

"ज्यांना रडायचंय त्यांनी खुशाल रडावं," ती नव्या पोरींना शिकवायची. "त्यासाठीच तर आपण उभ्या असतो. आपण नाही रडायचं. पंखा धरणारीच हलायला लागली तर वारा कोण घालणार?"

फेब्रुवारीत तिचा नवरा विल्बर्ट गेला. झोपेतच. अंत्यविधीला घरच्यांसाठी पहिला बाक राखून ठेवला होता, आणि ओझेला आली ती पांढऱ्या पोशाखात. ट्रेनीस तिच्या हाताखालची नर्स, एरवी केशभूषेचं दुकान चालवते. तिने दारातच गाठलं.

"मिस ओझेला, आज तरी तुम्ही बसा ना."

"आणि तुमच्या भरवशावर सोडू? मागच्या अंत्यविधीला कानातले कोणी तुडवले होते?"

"ते माझे स्वतःचेच होते!"

"मग तर आणखीनच वाईट."

बसली नाही. विल्बर्टची बहीण शवपेटीवर कोसळली तेव्हा ओझेलानेच तिला मागून धरलं, तिचा चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. सगळं आटोपल्यावर खालच्या हॉलमध्ये जेवणं झाली. आमच्याकडे अशा जेवणानंतर घरी न्यायला ताट बांधून घ्यायची पद्धत आहे. ओझेलाने दोन ताटं बांधली, चंदेरी कागदात. दुसरं कुणासाठी, हे विचारायची हिंमत कुणाची झाली नाही. पुढेही होईना. चर्चमध्ये जेवण असलं की तिची दोन ताटं ठरलेली.

लोक म्हणायचे, "काय खंबीर बाई आहे!" हा खंबीरपणा आमच्याकडे बायकांच्या गळ्यात हारासारखा घालतात. तो काढून ठेवायला खुंटी मात्र कुणी दाखवत नाही.

मग जुलैतला तो रविवार. वातानुकूलन बंद पडलेलं, सगळ्यांचे पंखे चाललेले. गायकवृंद रंगात आला होता आणि ओझेला नेहमीच्या जागी, भिंतीपाशी उभी होती. ती भिंतीला टेकली, घसरली आणि सरळ जमिनीवर.

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग चर्च उसळलंच.

"आला! आला गं हिच्यातही!"

"धन्यवाद, येशू! सुटली एकदाची!"

ऑर्गन वाजवणाऱ्याने ताल चढवला. विल्बर्टच्या बहिणीने नाचायला सुरुवात केली. ट्रेनीस आणि बाकीच्या नर्सा धावल्या. त्यांनी चष्मा काढला, कानातले काढले, कापड टाकलं, गोल केला, वारा घातला. शिकवलं होतं तस्सं. हाक कुणी मारली नाही. टाळ्या वाढत गेल्या, आणि मध्ये ओझेला पडलेली.

पहिल्या बाकावर मदर आयडेला क्रंप बसल्या होत्या. आमच्या चर्चच्या त्या आई, म्हणजे सगळ्यांत मानाच्या वडीलधाऱ्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, हातात काठी, डोक्यावर जांभळी हॅट. त्यांनी आधी ओझेलाच्या पायांकडे पाहिलं, मग वाकून हात धरला आणि काठी बाकावर दाणकन आपटली.

"बंद कर रे ते वाजवणं!"

ऑर्गन थांबला.

"संचार झालेल्या बाईचे पाय असे मेल्यासारखे पडतात का? हात बघ हिचा, बर्फ! अगं हा आत्मा नाही, ही उपाशी आहे. पाणी आणा कुणीतरी. आणि गाडी बोलवा!"

इस्पितळात हृदय तपासलं, ते ठणठणीत निघालं. डॉक्टरीण म्हणाली, खाणं नाही, झोप नाही, शरीराने हात टेकले. संध्याकाळी ट्रेनीसने तिला घरी आणलं. मदर आयडेलांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्या मागच्या सीटवर बसून आल्याच.

ओझेलाच्या घरी बिछाना नीट लावलेला होता, कित्येक महिन्यांत कुणी त्यावर निजलं नसावं इतका नीट. ती खुर्चीतच झोपायची. ट्रेनीस बर्फ आणायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "मदर, जरा इकडे या."

बर्फाच्या कप्प्यात बर्फाला जागाच नव्हती. चंदेरी कागदातली ताटं एकावर एक रचली होती, दाबून, कडेपर्यंत. तळलेली कोंबडी, कॉलर्डची पालेभाजी, मॅकरोनी, मक्याचा पाव. सगळं दगड झालेलं.

"दार लाव ते," ओझेला खुर्चीतून म्हणाली. "गार हवा जाते."

"कुणाची आहेत ही, पोरी?" मदर आयडेलांनी विचारलं. साठीच्या ओझेलालाही त्या पोरीच म्हणायच्या.

"तुम्हाला माहीत आहे कुणाची."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

ओझेलाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "घरी आल्यावर तो आधी विचारायचा, माझ्यासाठी काय आणलंस? मी कशी आहे ते नंतर. हात हलवत घरात शिरणं मला जमत नाही."

"रडलीस का गं तू?"

"वेळ कुठे होता? पोशाखाला इस्त्री करायची असते."

मदर आयडेलांनी काठीने कपाटाकडे खूण केली; घरी आल्या आल्या ओझेलाने पोशाख तिथेच टांगला होता. "ट्रेनीस, तो पोशाख काढ. टोपीही घे."

ओझेला ताडकन उभी राहायला गेली आणि पुन्हा बसली. आमच्या चर्चमध्ये एखाद्याला कामावरून 'बसवणं' म्हणजे शिक्षा. पैसे खाल्ले, दुसरीच्या नवऱ्याबरोबर सापडली, अशांना बसवतात.

"तुम्ही मला बसवताय? मला? काय केलं मी? लोक काय म्हणतील!"

"म्हणतील, आयडेलाचं डोकं फिरलंय. म्हणू देत, आधीपासून म्हणतातच. पुढच्या रविवारी तू माझ्याशेजारी बसायचंस. रंगीत कपड्यात."

"आणि नर्सांचं काय?"

"आज तुझ्या नर्सांनी तू बेशुद्ध असताना तुला वारा घातला. त्याहून वाईट काय करणार आहेत?"

ट्रेनीसला हसू आवरेना. ओझेलाने तिच्याकडे असं पाहिलं की ते लगेच आवरलं.

"मी प्रार्थना करते, मदर," ओझेला हळू आवाजात म्हणाली. "रोज करते."

"मीही करते. आणि दर गुरुवारी पाइन स्ट्रीटवर एका बाईकडेही जाते. समुपदेशक. आपल्यातलीच आहे, आपल्यासारखीच काळी, केसांच्या छान वेण्या घालते. माझा मुलगा गेल्यापासून जाते."

ट्रेनीसच्या हातातला पोशाख खाली पडला. "तुम्ही? मदर, तुम्ही तर आम्हाला सांगता, सगळं येशूच्या पायाशी ठेवा!"

"ठेवतेच ना. पण ते पायापर्यंत उचलून न्यायला कंबर लागते. देवाला मी सगळं सांगते, तो ऐकूनही घेतो. पण तो मध्येच थांबवून विचारत नाही, 'आयडेला, हे आत्ता तू खोटं बोललीस ना?' ती विचारते."

"मी परक्या बाईपुढे तोंड उघडणार नाही," ओझेला म्हणाली. "मी काही वेडी नाही."

"माझ्यापुढे तरी कुठे उघडतेस? बरं, ते राहू दे. रविवारी ये."

रविवारी ओझेला आली, हिरव्या झग्यात. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं. मदर आयडेलांच्या शेजारी ती ताठ बसली. हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून मदरनी आपली पर्स तिच्या मांडीवर ठेवली. "हिला धर. घट्ट."

मागे कुणीतरी हुंदका दिला तशी ओझेला उठायला लागली. काठी आडवी आली. ती बसली. पुन्हा हुंदका, पुन्हा काठी.

"तिला रुमाल द्यायला हवा," ती पुटपुटली.

"आहे तिच्याजवळ."

गायकवृंद उभा राहिला. नवा गडी उंच सूर लावत होता आणि सूर काही लागत नव्हता. मदर आयडेला समोर बघतच म्हणाल्या, "विल्बर्ट काय म्हणाला असता गं याला?"

ओझेलाचे ओठ हलले. "म्हणाला असता, गाय चुकलीय, कुणीतरी तिला गोठ्यात न्या."

आणि ती हसली. पर्सवर वाकून, खांदे हलवत हसली. खांदे हलतच राहिले. हसणं कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं, ते शेजारच्या मदरनाही सांगता आलं नसतं. आवाज आला तो मात्र चर्चने तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. ऑर्गन वाजवणाऱ्याने या वेळी ताल चढवला नाही. मदर आयडेलांकडे पाहून त्याने पट्ट्यांवरून हळूहळू हात उचलले.

ट्रेनीस समोर येऊन गुडघ्यांवर बसली. चष्म्याला हात लावताना ती घाबरली होती. ओझेलाने मान पुढे केली आणि चष्मा काढू दिला. मग कानातले. मग गुडघ्यांवर कापड.

"उलटं टाकलंस," ओझेला हुंदक्यातून म्हणाली. "शिवण वर आलीय."

"रडा हो तुम्ही, मिस ओझेला. शिवण मी बघते."

"बघत कुठे आहेस..."

"रडा म्हटलं ना!"

ती रडली. पास्टरने उपदेश थोडा उशिरा सुरू केला आणि त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

त्या दिवशी नेमकं खाली जेवण होतं. ओझेलाचे डोळे सुजले होते, पण मॅकरोनी कोरडी झाल्याचं तिला बरोबर दिसलं आणि तिने ते बोलूनही दाखवलं. समोर बसवून ट्रेनीसने तिला पानातलं सगळं संपवायला लावलं. मग ओझेला उठली आणि ताटं बांधायच्या टेबलापाशी गेली. सवयीने तिने दोन ताटं घेतली. एक भरलं. दुसऱ्यात कोंबडीचा तुकडा ठेवला आणि हात तिथेच थांबला.

ट्रेनीस पलीकडे चमचे पुसत होती. तिने मान वर केली नाही.

ओझेलाने भाजी वाढली, रताळ्याच्या गोड पाईचा तुकडा ठेवला, चंदेरी कागद ओढून कडा दाबल्या. मग ते ताट घेऊन मदर आयडेलांसमोर जाऊन उभी राहिली.

"ती गुरुवारची बाई. रताळ्याची पाई खाते का?"

मदरनी हॅट सरळ केली. "आपल्यातलीच आहे म्हटलं ना."

"मी काही बोलायला येत नाहीये. तुम्हाला गाडीतून सोडायला येतेय. पण रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायची मला सवय नाही."

"बरं."

"आणि माझा पोशाख?"

"माझ्या कपाटात आहे. नाताळच्या सुमाराला विचार."

"इस्त्री कोण करतंय त्याला?"

"कुणीच नाही," मदर आयडेला म्हणाल्या. "चांगला चुरगळलाय."